पाळीहून पेडण्याला गेलेली सुई

मी क्रोशाची सुई. नाव सुईचं असलं तरी मला टोचायला टोक नाही. माझ्या डोक्याला एक बारीक आकडा आहे आणि त्यानेच मी दोऱ्याचा फास ओढून घेते. कुठल्या कारखान्यात मला घडवलं ते मला आठवत नाही, आणि आठवून काही उपयोगही नाही. माझं आयुष्य सुरू झालं ते एका हातात पडल्यावर. फार चांगला हात होता तो. तो माझ्यापासून काढून घेतला, आणि वर मलाच खोटं वागायला लावलं. गोडगोड बोलणं मला जमायचं नाही, हे आधीच सांगते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बाबाजींनी मला विकत घेतलं. बाबाजी डिचोली तालुक्यातल्या पाळी गावचे, खाणीवर कारकून होते. बायको लवकर गेलेली, घरात दोन मुली. थोरली कमलाक्षी आणि धाकटी सुलोचना. कमलाक्षीचा एक पाय जन्मापासून आखूड होता, त्यामुळे ती फारशी बाहेर जात नसे. बसून करण्यासारखं काहीतरी असावं म्हणून मला आणलं होतं. शेजारच्या मारियाबायने तिला आधी साखळी घालायला शिकवलं, मग खांब नावाचा उभा टाका, मग मुका खांब. मारियाबाय उजव्या हाताची आणि कमलाक्षी डावरी. म्हणून ती मारियाबायच्या शेजारी न बसता समोर बसायची आणि आरशात बघावं तसं बघून शिकायची.

पाळीत पांढऱ्या दोऱ्याचं काम करणं म्हणजे खेळ नव्हता. खनिजाचे ट्रक दिवसभर दारावरून जायचे आणि तांबडी धूळ पिण्याच्या पाण्यावरसुद्धा बसायची. कमलाक्षी खिडकीचं जनेल लावून घ्यायची, हात साबणाने धुऊन पुसायची आणि मगच मला उचलायची. काम थांबलं की मी, दोऱ्याचे गुंडे आणि अर्धा झालेला रुमाल असे सगळे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, आणि वर झाकण घट्ट. तिचं काम कधी तांबूस झालं नाही. गावातल्या बायका तिचे रुमाल उलटेपालटे करून दोरा कुठे जोडलाय ते शोधायच्या. त्यांना सापडायचं नाही. मी तेव्हा फार ऐटीत होते.

अशातच एका लग्नात रुखवताच्या ताटावर तिच्या हातचा गोल रुमाल होता. पेडण्याच्या चंद्रावतीबाईंनी तो पाहिला. त्यांचा मुलगा रघुनाथ सरकारी कचेरीत नोकरीला होता आणि त्याच्यासाठी मुली बघणं चालू होतं. हा रुमाल कोणी केला, असं त्यांनी विचारलं. पाळीच्या बाबाजींच्या थोरल्या मुलीने, असं उत्तर मिळालं. आठवडाभरात निरोप आला की आम्हाला ती मुलगी बघायची आहे.

बाबाजींनी कमलाक्षीसाठी निळी साडी आणली. त्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्याकडून खांब चुकले, आणि उसवताना ती हसत होती. मीही तिच्याबरोबर पुन्हा पुन्हा तेच खांब घालत होते आणि मला त्याचा कंटाळा आला नाही.

ठरल्या दिवशी पाहुणे आलेच नाहीत. तो भाषेच्या भांडणाचा हिवाळा होता. कोकणी की मराठी यावरून सोयरेसुद्धा एकमेकांशी बोलेनासे झाले होते. रस्त्यांवर झाडं आडवी टाकलेली, बसगाड्या बंद. शांत झालं की येतो, असा पेडण्याहून निरोप आला. पाहुणे त्या दिवशी आले असते तर काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही. पण थांबण्याच्या त्या दिवसांत बाबाजींचा धीर सुटला. याआधी कमलाक्षीला बघायला आलेली माणसं ती चहा घेऊन चालत आली की कप अर्धा ठेवून उठायची. हेही तसेच उठतील, चांगलं घर हातचं जाईल आणि धाकटीही तशीच राहील, असंच ते घोकत राहिले. शेवटी एका दुपारी ते कमलाक्षीच्या समोर येऊन बसले.

"कमळा," ते म्हणाले, "तुजा काम सुलूच्या नावार लागला म्हणान तुजा काय जाता? घरातल्या घरातच ऱ्हवतला."

कमलाक्षीने हातातला खांब पुरा केला आणि मग मान हलवली. मला वाटलं होतं, ती मला फेकून देईल, रडेल, निदान नाही म्हणेल. तिने तसं काहीच केलं नाही.

पाहुणे आले तेव्हा मेजावर सगळं मांडलं होतं. ताटावरचे रुमाल, रेडिओवरचं आच्छादन, पडद्याची झालर. मधोमध अर्धा झालेला गोल रुमाल आणि त्याच्या शेवटच्या फासात मी. मला तिथे कमलाक्षीनेच नीट बघून मांडलं आणि मग ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. निळी साडी सुलोचनाच्या अंगावर होती. हे सगळं तूच केलंस का, असं चंद्रावतीबाईंनी विचारलं. पाठवलेला निरोप थोरलीसाठी होता, हे त्या विसरल्या नव्हत्या, पण बाबाजींनी सांगणाऱ्याचा घोटाळा झाला असेल असं सांगून वेळ मारून नेली. सुलोचनाने खाली बघत मान हलवली. मुलगी लाजाळू आहे, असं चंद्रावतीबाईंना वाटलं आणि ते त्यांना आवडलं.

गोवा राज्य झालं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. निघताना कमलाक्षीने डबा सुलोचनाच्या पिशवीत घातला. सुलोचना नको नको म्हणत होती. "ने तो," कमलाक्षी म्हणाली, "थंय कोणी इचारला तर हातात कायतरी व्हया." आणि तिने झाकण लावलं. मला वाटलं होतं की माझ्याशिवाय तिला करमणार नाही.

पेडण्याच्या घरात दुपारची कामं आटोपली की सासू-सून बालकांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, बसायच्या. चंद्रावतीबाई काजू सोलायच्या आणि सुलोचना मला उजव्या हातात धरून बसायची. नुसती बसायची. माझं डोकं फासात अडकवलेलं, रुमाल मांडीवर, आणि सासूने इकडे बघितलं की ही माझी शेपटी जराशी हलवायची. रुमाल जिथे होता तिथेच. सगळ्या जगात कुठल्या सुईला एवढं अपमानाचं काम कोणी दिलं नसेल. मात्र सुलोचना दुष्ट नव्हती. एकदा घरात कोणी नसताना ती खरोखर शिकायला बसली. दुसऱ्या दोऱ्यावर साखळी घातली, ती पिळवटली, उसवली, पुन्हा घातली. मग मला खाली ठेवून "ताय, ताय" करत रडली. मला तिची दया आली, आणि रागही गेला नाही.

गणपतीच्या चवथीला देव्हाऱ्यासाठी नवा रुमाल कर, असं चंद्रावतीबाईंनी सांगितलं. आता हिचं पितळ उघडं पडणार म्हणून मी मनातल्या मनात खूश झाले. पण सुलोचना माहेरी जाऊन आली आणि पिशवीच्या तळाशी रुमाल तयार होता. तो डब्यात माझ्याशेजारी ठेवला तेव्हाच मी ओळखलं. खांब कमलाक्षीचे होते, फिरत गेले होते तिच्याच डावऱ्या चालीने, पण सुई दुसरी होती. जरा जाड, फास सैल पडलेले. म्हणजे ती तिकडे दुसऱ्या सुईने काम करत होती, आणि मी इथे सोंग करायला ठेवलेली. बाबाजींनी केलं ते मी समजू शकते, सुलोचनाचंही समजू शकते. हे मात्र मला आजवर पचलं नाही. दरवर्षी असाच रुमाल यायचा आणि दरवर्षी रघुनाथ लोकांना सांगायचा, आमच्या पेडण्यात असा हात दुसरा नाही.

सासू गेल्यावर सोंगाची गरज उरली नाही. डोळे दुखतात म्हणून सुलोचनाने मला डब्यासकट कपाटावर टाकलं. पावसाळ्यांनी माझ्या शेपटीला गंज चढवला. खाली घर बदलत गेलं, मुलगी सुविधा मोठी झाली, लग्न होऊन म्हापशाला गेली. जवळच्या मोप्याच्या सड्यावर विमानतळ होऊन विमानं उतरायला लागली तेव्हा त्या आवाजाने डब्याचं झाकण थरथरायचं. बाकी माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

सुलोचना गेली आणि तिचं कपाट आवरायला सुविधा रविवारी येऊ लागली. भरतकामाच्या मॅटीचे तुकडे, मण्यांच्या पुड्या, लोकरीचे गुंडे ती एकेक करून जमिनीवर मांडत होती. त्यात तिने स्वतःच शाळेत असताना भरलेला पोपट निघाला, मॅटीवर अर्धवट सोडलेला, एका पंखाचा. मी पण हे करायचे की, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि तिथेच बसून दुसरा पंख भरायला लागली. मग माझा डबा उघडला. रघुनाथ आता म्हातारा झाला होता. त्याने तो अर्धा रुमाल हातात घेतला आणि तुझ्या आईला आम्ही हे बघूनच पसंत केली, असं तिला सांगितलं. वर्षश्राद्धाला हा फ्रेम करून भिंतीवर लावू, आधी मी तो पुरा करते, असं सुविधाने त्याला कबूल केलं. नातेवाइकांनाही सांगून टाकलं.

ती मोबाइलवर बघून शिकली, आणि चांगली शिकली. दुसऱ्या दोऱ्यावर तिची साखळी, खांब सगळं सरळ यायचं. पण या रुमालाशी तिचं जमेना. शेवटच्या फासातून पुढे जायला बघितलं की काम उलटं पडायचं. वैतागून तिने मला डाव्या हातात घेतलं, तर खांब अलगद बसला. तिने हात बदलून पुन्हा बघितलं, तेच झालं. तिची आई जेवायची, लिहायची, पोळ्या लाटायची, सगळं उजव्या हाताने. आणि विळीवर नारळ खोवताना पाळीच्या मावशीचा डावा हात फिरायचा, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

पुढच्या रविवारी ती डबा घेऊन पाळीला गेली. मला काय वाटलं ते सांगू? मी सगळा राग विसरायला तयार झाले होते.

खाणी बंद होत्या, रस्त्यावर ट्रक नव्हते. कमलाक्षी एकटीच राहत होती. बोटांचे सांधे सुजलेले. सुविधाने डबा उघडून रुमाल तिच्या मांडीवर ठेवला. कमलाक्षी उठली, हात साबणाने धुऊन आली आणि तिने मला डाव्या हातात घेतलं. एक खांब, दुसरा, तिसरा. बोटं दुखत असतील, पण चाल तीच होती. मी इतक्या वर्षांनी माझं काम करत होते.

"मावशी," सुविधा म्हणाली, "ह्या आयेन नाय केला. ह्या तू केलंस. बाबान आयेक पसंत केली ती ह्या बघून."

कमलाक्षी थांबली. आता ती हो म्हणेल, अशी मी वाट बघत होते. एवढा एकच शब्द मला हवा होता.

"तुजी आय आता जबाब देवक येवची नाय," ती म्हणाली. "आणि तुज्या बापाशीक ह्या वयात काय सांगतलंय? तिका खोटी पाडून माका काय मेळतला?"

सुविधा रडायला लागली. मग आता मी काय करू, असं तिने विचारलं. लोकांना जे सांगितलंस तेच सांग, असं कमलाक्षीने शांतपणे सांगितलं. मग बसल्या बैठकीत रुमाल पुरा केला, मला डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. तिच्याच हाताने, दुसऱ्यांदा.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी म्हापशाहून फ्रेम आली. निळ्या कापडावर तो गोल रुमाल, आणि त्याच्या बाजूला मी, बारीक तारेने बांधून काचेच्या आत. खाली छापलेली चिठ्ठी आहे. कैलासवासी सुलोचना रघुनाथ यांच्या हातचे. फ्रेम लावताना सुविधाने चिठ्ठीकडे बघितलं नाही. रघुनाथ मात्र फ्रेमपुढे खुर्ची टाकूनच बसला होता.

श्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर पाळीहून आलेली कमलाक्षी लंगडत बाहेर आली आणि काचेसमोर उभी राहिली. एका पाहुणीने तिला विचारलं, तुमच्या बहिणीने केलंय ना हे, काय सुरेख हात होता. रघुनाथही तिच्याकडे बघत होता.

"होय," कमलाक्षी म्हणाली, "तिचो हातच तसो."

सुविधाने मान खाली घातली. कमलाक्षीने पदराने काचेवरचा कुणाच्या तरी बोटाचा ठसा पुसला आणि ती बसची वेळ झाली म्हणून निघाली.

आता मी इथेच आहे. गंज चढणार नाही, हरवणार नाही, आणि कामालाही कोणी घेणार नाही. येणारा माणूस वर बघतो, नाव वाचतो आणि सुलोचनाची आठवण काढतो. माझं काही म्हणणं नाही, तिचीही आठवण काढावी. पण तुम्ही कधी डिचोलीच्या बाजूला गेलात तर पाळीला उतरा. तिथे एक डावरी म्हातारी एकटीच राहते, अजून आहे. तिला विचारा, बाय, तुमच्या हातचं काही असेल तर दाखवता का? ती म्हणेल, माझ्या हातचं काहीच नाही. तरीही विचारा.