चाल कोणाची

रुचिताचं गाणं मोबाईलवर आलं आणि बघता बघता पवनीपासून तुमसरपर्यंतच्या वरातींत वाजू लागलं. शिकलेल्या लेकीवरचं गाणं. शब्द तिचे, आवाज तिचा, चालही तिची. मग नागपूरच्या एका कंपनीवाल्याचा फोन आला. गाणं मोठ्या स्टुडिओत नव्यानं करायचं होतं. त्यानं एवढंच विचारलं, "चाल तुमचीच ना, मॅडम?"

हो म्हणायला काय जात होतं? पण त्याच सकाळी नणंद साधना भाजी निवडता निवडता बोलून गेली होती, "वहिनी, ही चाल कुठंतरी ऐकल्यासारखी वाटते." बोलून ती मोकळी झाली, रुचिताच्या डोक्याला मात्र भुंगा लागला. "उद्या सांगते," म्हणून तिनं फोन ठेवला.

तसं या घरात उसन्या चालीची लाज कोणालाच नव्हती. सासरे केशवराव उभा जन्म जयंतीच्या कार्यक्रमांत गात आलेले. सिनेमाची चाल घ्यायचे, शब्द आपले घालायचे. पण माईक हातात आला की आधी चाल कोणाची ते सांगायचे, मगच गाणं सुरू. त्याला कोणी कधी चोरी म्हटलं नाही. रुचिताला सांगायला नावच सापडत नव्हतं.

दिवसभर ती मोबाईल कानाला लावून जुनी गाणी धुंडाळत राहिली. भात करपला. शिकवणीच्या पोरांना तिनं तेच गणित पुन्हा घातलं. नवरा, धम्मदीप, हसायला लागला.

"सूर तं सातच आहेत, नवीन कोठून आणशील? प्रेरणा म्हण अन् मोकळी हो."

"प्रेरणा असती तं कोणाची ते सांगता आलं असतं. मले सांगता येऊन नाही राहिलं."

"मंग चाल तुझीच आहे."

"तुमी काय जज लागून गेले?" ती फणकारली. खरं तर राग स्वतःचाच आला होता. ते गाणं तिला हवं होतं, अख्खंच्या अख्खं, एकटीच्या नावावर.

संध्याकाळी विहारासमोर बुद्ध पौर्णिमेचा कार्यक्रम होता. केशवराव नवीन गाणं म्हणणार होते, चाल कुठली ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. माईक हातात घेऊन ते म्हणाले, "शब्द माझे. चाल आमच्या सुनेची, रुचिताची."

टाळ्या पडल्या. रुचिताच्या जिवात जीव आला. ज्या माणसाला इकडच्या साऱ्या चाली पाठ, त्यानं भर सभेत पावती दिली होती. आता कंपनीवाल्याला बेधडक सांगायचं, असं तिनं ठरवूनही टाकलं.

ढोलकीवाला अजून ढोलकी कसत होता. तोवर केशवराव सवयीनं डोळे मिटून गुणगुणू लागले, शब्दांविना, अगदी संथ. आणि रुचिता बसल्या जागी गार पडली. लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी ती हेच ऐकत होती. अंगणात बसून गुडघ्यांना तेल चोळताना म्हातारा हेच गुणगुणायचा. त्याला गाणं असं कोणी समजलंच नाही, त्यानं स्वतःही नाही. तिनं फक्त लय वाढवली होती.

गप्प राहिली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण तिला बसवेना. माणसांतून वाट काढत ती माईकपाशी गेली.

"मामाजी, थांबा. चाल माझी नाही, तुमची आहे. तुमी सकाळी तेल चोळताना गुणगुणता, तेच मी घेतलं."

पुढे बसलेल्या, वस्तीतल्या आनंदाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "कशी गुणाची सून आहे," त्या शेजारणीला म्हणाल्या, आणि टाळ्या आधीपेक्षा जोरात पडल्या.

"पाहा," केशवराव माईकवरूनच म्हणाले, "पोरगी आपलं नाव मले देऊन राहिली."

"तसं नाही, मामाजी. मी खरंच सांगून राहिली," ती परत म्हणाली. पण ढोलकी सुरू झाली होती, आणि केशवराव तिच्या डोक्यावर हात ठेवून गाऊ लागले होते.