होबार्टचा रविवार

नखाएवढी पांढरी झडप – रबराची, दूध काढायच्या पंपातली – सिंकच्या जाळीच्या कडेला अडकली होती आणि पाण्याच्या धारेखाली नुसती थरथरत होती. चिमटीत धरायला जावं तर निसटत होती, आणि ती गेली तर पंप गेला, पंप गेला तर दुपार गेली, दुपार गेली तर... चैत्रालीनं नळ बंद केला, श्वास धरला आणि करंगळीच्या टोकानं तिला हळूच वर ओढली. मग ओल्या तळव्यावर ठेवून उगाच बघत राहिली. पावणेअकरा. वर रुचा आत्ताच झोपलीय, दीड तास मिळेल, फार तर पावणेदोन. नवरा, देवांग, सकाळच्या गाडीनं न्यूयॉर्कला गेला, घरात फक्त फ्रिजचा आवाज. आठ महिन्यांत असा आवाज ऐकू येणं हीच चैन झालीय. आणि तो ऐकत बसायला वेळ नाही.

ओट्यावर, बरण्यांच्या शेजारी, लॅपटॉप उघडा होता. त्यात होता ऑस्ट्रेलियातल्या बायकांच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा येता मोसम – अठरा संघ, बारा आठवडे, कोण कुणाशी, कुठल्या शहरात, कुठल्या वारी. ऑगस्टमध्ये सुरू होईल. आत्ता मे चालू आहे, अजून कुणाला काही ठाऊक नाही. ज्या मुलींनी पळायचं त्यांनाही नाही. न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरमधल्या एका स्वयंपाकघरात, आळिवाच्या लाडवांच्या डब्याला टेकून, त्यांचा सगळा हिवाळा-वसंत पडलेला आहे हे कुणाला सांगितलं तर हसतील. आईला फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल करतात तसंच ना. तसंच गं, चैत्राली म्हणाली होती.

तसंच, पण नाही. रेल्वेला घोटा मुरगळत नाही.

हे काम पुरुषोत्तमकाकांचं. सांगलीहून पन्नास वर्षांपूर्वी शिकायला आले, गणितात मुरले, निवृत्तीनंतर बेसमेंटमध्ये दोन टेबलं टाकून लीगची वेळापत्रकं बनवून द्यायला लागले. आता चौऱ्याहत्तर. चैत्रालीला पीएचडी संपता संपता त्यांनी घेतलं. बॉसला ‘काका’ म्हणायचं आणि बॉसच्या बायकोनं, सुलभाकाकूंनी, बाळंतपणात डबे पाठवायचे – असल्या नोकरीचा करार कुठल्या वकिलाला लिहिता येणार. काकांची एक रीत आहे. संगणकानं सगळे नियम पाळून वेळापत्रक काढलं तरी ते तसंच पाठवायचं नाही. आधी ‘पारायण’ करायचं. म्हणजे एकेक संघ घ्यायचा आणि त्याचा अख्खा मोसम, पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत, मोठ्यानं वाचायचा, आपणच तो संघ असल्यासारखा. इथं खेळलो, इथं विमान पकडलं, इथं पोचलो. “सॉफ्टवेअर विमानात बसत नाही,” काका म्हणतात.

पूर्वी दोघं बेसमेंटमध्ये समोरासमोर बसून करायचे, नऊ संघ त्यांचे, नऊ तिचे. आता ती घरून करते. रजा संपून तीन आठवडे झाले, अर्धा दिवस कामाचा, आणि हे वेळापत्रक पूर्ण तिचं – काकांनी तिच्यावर सोपवलेलं. आज संध्याकाळी सहाला मेलबर्नला, लीगच्या कचेरीत, पाठवायचं. तिथं तेव्हा उद्याचे सकाळचे आठ वाजलेले असतील.

सतरा संघ झाले होते. अठरावा होबार्टचा. तो तिनं मुद्दाम शेवटी ठेवला होता, ताटातला आवडता पदार्थ ठेवावा तसा... कारण होबार्टकडून टेस खेळते.

टेसला ती ओळखत नाही. टेसला तर न्यू जर्सी कुठं हेही माहीत नसेल. पण पहाटे रुचाला पाजताना, एका हातात फोन धरून, आवाज बंद करून, चैत्रालीनं तिचे इतके सामने पाहिलेत, की रस्त्यात पाठमोरी दिसली तरी चालण्यावरून ओळखेल. लांबट चेंडू, लांबट मैदान, दोन्ही टोकांना चार-चार खांब. हा तिकडचा, हातानंही खेळायचा फुटबॉल पहिल्यांदा पाहिला तेव्हा नुसता गोंधळ वाटला होता, पोरीबाळी अंगावर अंग टाकतायत. मग एकदा टेस उडाली. लांबून चेंडू आला, खाली चौघी-पाचजणी माना वर करून उभ्या, आणि ही मागून धावत आली, कुणाच्या तरी पाठीला गुडघा टेकवला आणि चढली – जिना चढावा तशी – आणि सगळ्यांच्या वर, दोन्ही हात लांब करून, चेंडू अलगद धरला. पडताना वाईट पडली, कुशीवर. पण चेंडू सोडला नाही. आणि उठल्यावर तिनं आपण कशा दिसलो असू हे बघायला कुणाकडेही पाहिलं नाही... तेव्हा तिचा मुलगा अकरा महिन्यांचा होता. पोटाचे स्नायू पुन्हा जुळून आलेले असतील का तिचे? माझे नाहीत. मी जिन्यावर धुण्याची टोपली नेताना कठड्याला धरते. आणि ती, त्याच सामानाची बनलेली, दुसऱ्या बाईच्या खांद्यांवर उभी होती, आकाशात. चैत्रालीनं ते सतरा वेळा पाहिलं होतं. रुचा दूध पिता पिता झोपून गेली होती आणि ही बघतच होती.

तर होबार्ट. ती मोठ्यानं वाचू लागली. पहिला आठवडा घरी. दुसरा ॲडलेडला, शनिवारी. तिसरा घरी, शनिवारी... चौथा पर्थला, शुक्रवारी.

ती थांबली. परत वाचलं. तिसरा, घरी, शनिवार.

पण तो रविवार होता. तिनं स्वतः पक्का केला होता तो. क्लबचं पत्र आलं होतं की तिसऱ्या आठवड्यात घरचा सामना रविवारी दुपारी एक वाजता हवा, त्या दिवशी खेळाडूंची मुलं आयांच्या बोटाला धरून मैदानात उतरणार. ते पत्र वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि हार्मोन्स, असं स्वतःला सांगून तिनं सगळ्यात पहिली ओळ तीच भरली होती. रविवार, एक. मग शनिवार कुठून...

मग कळलं. तिचा लॅपटॉप न्यू जर्सीच्या वेळेवर चालतो. होबार्टमध्ये रविवारी दुपारचा एक वाजतो तेव्हा इथं शनिवारी रात्रीचे अकरा. रजेच्या शेवटी तिनं काकांची जुनी फाइल टाकून नवी लिहिली होती, आणि घड्याळ कुठल्या गावचं ते सांगायचं राहिलं होतं. दुपारी दोनच्या आधीचा प्रत्येक रविवार गुपचूप शनिवारात घसरला होता. आणि दोन सामन्यांत किमान सहा दिवस, हा नियम संगणकानं शनिवारपासून मोजला होता. शनिवार ते शुक्रवार सहा. रविवार ते शुक्रवार... तिनं बोटांवर मोजलं, लहान मुलीसारखं. पाच. आणि मध्ये होबार्ट ते पर्थ, देशाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला, दोन विमानं, मांडीवर मूल.

तिनं भराभर शोधलं. पाचच दिवस मिळणारे असे चार संघ निघाले. चार म्हणजे थोडे. पण एक हलवला की दुसरा हलतो, मैदानं, टीव्हीच्या वेळा, सगळं एकमेकांत विणलेलं. हातानं टाका घालता येत नाही, पहिल्यापासून पुन्हा सोडवावं लागतं. पाच तास. कधी सात. आणि साडेअकरा झाले होते.

गप्प राहता येईल, हा विचार कुठून आला ते तिला समजलं नाही. तो आधीच तिथं बसलेला होता. हा कच्चा खर्डाच आहे. मेलबर्नची माणसं तपासतील, सापडलं तर सापडलं. नाही सापडलं तर एक आठवडा चार संघ जरा दमतील. आणि सांगितलं तर... काकांनी मेलबर्नला आग्रहानं सांगितलं होतं की ह्या वेळी चैत्रालीच करेल. मेलबर्नचा माणूस हसून म्हणाला होता, अच्छा, ती परत आली? त्या ‘परत’मध्ये काहीतरी होतं, किंवा काही नव्हतं, मलाच हल्ली सगळ्यात ऐकू येतं. हे काम हातातून गेलं तर दुसरं कुणी काढून घेईल असंही नाही, ते आपोआप निसटेल, प्रेमानं, डब्याडब्यांतून. गेल्या आठवड्यात मीटिंग चुकली तेव्हा काका म्हणाले होते, असू दे गं. नुसतं असू दे. पूर्वी मीटिंग चुकली असती तर त्यांनी सोलून काढलं असतं.

तिनं फोन लावला.

“काका, चूक झालीय. माझ्याकडून.” आणि सगळं सांगितलं, न थांबता, घड्याळ, रविवार, चार संघ.

 मग काकांचा आवाज आला, मऊ, आजाऱ्याशी बोलावा तसा. म्हणाले, बरं झालं आज कळलं. म्हणाले, फाइल माझ्याकडे पाठव, मी बघतो बसून. “आणि मेलबर्नला मी कळवतो की घरी लहान बाळ आहे, दोन दिवस द्या. समजून घेतील, चांगली माणसं आहेत. तू आता रुचाचं बघ बाळा.”

किती सोपं होतं. लॅपटॉप मिटायचा. वर जाऊन त्या झोपलेल्या उबेशेजारी आडवं व्हायचं. कुणी रागावलेलं नाही, कुणी रागावणारही नाही, कधीच... आणि नेमकं तेव्हा तिला टेसचा परतीचा पहिला सामना दिसला. त्यात ती उडाली-बिडाली नव्हती. त्यात चेंडू तिच्याकडे आला होता आणि समोरून एक धिप्पाड मुलगी सरळ धावत येऊन खांद्यानं तिच्यावर आदळली होती. पूर्ण जोरानं. ही बाळंतीण आहे, वर्ष झालं नाही, हळू घ्या, असं काही त्या खांद्यात नव्हतं. टेस गवतात दोन कोलांट्या खाऊन पडली, आणि कॅमेरा जवळ गेला तेव्हा मातीनं भरलेल्या तोंडानं ती हसत होती. चैत्रालीला ते हसू तेव्हा कळलं नव्हतं, वेडीच आहे असं वाटलं होतं. तिला कुणी बाळंतीण म्हणून सोडून दिलं नव्हतं. तिला कुणी सोडलं नव्हतं, म्हणून हसत होती ती.

“काका,” ती म्हणाली, “बाळाचं नका सांगू. घड्याळ मी चुकवलं, तेच लिहा. आणि फाइल माझ्याकडेच राहू दे.”



“म्हणजे मी चिडू का आता?” काकांनी विचारलं. अगदी खरंच विचारलं.

“चिडा.”

“मग ऐक.” आणि आवाज चढला, तो जुना, बेसमेंटमधला, चहाचा कप बशीत आदळणारा. अकरा वर्षं हे काम करतोय, घड्याळ कुठल्या गावचं ते पहिल्या ओळीत लिहायचं हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं की नाही? होतं, ती म्हणाली. चालत्या फाइलला हात लावायला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. लावलास तर गेल्या वर्षीचा मोसम त्यात घालून ताडून बघितलास का? नाही. “रविवारचा शनिवार होतो आणि तीन आठवडे तुला दिसत नाही? पीएचडी कशात केलीस, चैत्राली? पंचांगात केली असतीस तर वार तरी चुकला नसता!”

मागून काकूंचा आवाज आला, की अहो, ओरडताय कुणाला, ती लेकुरवाळी आहे.

“असू दे लेकुरवाळी,” काका तिकडे तोंड करून म्हणाले. “तिनंच सांगितलंय.” मग इकडे, अजून धापा टाकत, की सहाला काय पाठवणार आहेस ते तू साडेपाचला सांगायचंस, मी मध्ये फोन करणार नाही. आणि ठेवून दिला.

तिनं पहिल्या ओळीत घड्याळाचं गाव लिहिलं. गेल्या वर्षीचा मोसम घालून ताडून पाहिलं, दोनदा. मग सोडवायला लावलं. पडद्यावर एक आकडा आला, शून्य, आणि बराच वेळ शून्यच राहिला.

कान तापले होते. पंचांगाचं वाक्य आत सलत होतं, आणि ते चांगलंच सलत होतं. दुपारभर सलेल, कदाचित आठवडाभर, देवांगला सांगताना पुन्हा लाज वाटेल. सहापर्यंत होईल? पाच तास लागले तर होईल, सात लागले तर नाही, मग मेलबर्नला आपल्या नावानं तसं लिहावं लागेल, आणि तो माणूस पुन्हा हसेल किंवा हसणार नाही. तिला भीती वाटत होती. पण ही भीती कामाची होती, नुसती कामाची, तिला दुधाचा वास नव्हता. आठ महिने सगळे जिच्याशी हळू बोलत होते ती कुणीतरी एक नाजूक बाई ह्या घरात फिरत होती, आणि आत्ता, ह्या क्षणी, ओट्यापाशी उभी होती ती मी होते – चुकलेली, झाडली गेलेली, आपल्या पुऱ्या उंचीची.

वर रुचा जागी झाली. रडली नाही, नुसती स्वतःशी बोलायला लागली. पडद्यावर एक टक्का झाला होता. चैत्राली कठड्याला न धरता वर निघाली, आणि चौथ्या पायरीवर पोटात ओढ बसली तेव्हा थांबून, तोंडातल्या तोंडात, पर्थ, शुक्रवार, असं म्हणाली आणि पुढची पायरी चढली.