इरावतीची हिरवळ

दादरच्या तळमजल्यावरच्या भाड्याच्या घरामागचं ओसाड अंगण इरावतीने स्वतः खणून, गवत लावून हिरवंगार केलं. ते पाहून घरमालक रमाकांत म्हणाले, "आमच्या नूपुरची हळद इथेच करू. तुम्ही त्याआधी घर सोडा."

जायच्या आदल्या दिवशी इरावतीने आणि तिच्या नवऱ्याने सगळी हिरवळ मुळांसकट कापून काढली आणि टेम्पोत भरून माझगावच्या एका बालवाडीला देऊन टाकली.

सकाळी किल्ली घ्यायला आलेले रमाकांत उघड्या मातीकडे बघतच राहिले. "अहो, हे काय केलंत? परवा हळद आहे!"

"गवत माझं होतं, काका. अंगण तुमचं आहे, ते तसंच ठेवलंय."

तळहातांवरचे फोड ठणकत होते. तरी टॅक्सीत बसताना इरावतीने मुद्दाम मागे वळून त्यांचा चेहरा डोळे भरून पाहून घेतला.