देखभालीची तरतूद नाही

मुकुटबनच्या बसथांब्याजवळ बशीरचं सायकलदुकान होतं. सोनपोडच्या मुलींना शासनाकडून सायकली मिळाल्या, त्या वर्षापासून त्याच्याकडे पंक्चरचं काम वाढलं. मुलींची शाळा मुकुटबनला, पोड, म्हणजे त्यांची वस्ती, चार किलोमीटरवर, आणि मधला डांबरी रस्ता ट्रकांचा. ट्रक आला की मुली सायकल बाजूच्या बाभळीत घालायच्या. एकाच आठवड्यात वैष्णवी तिसऱ्यांदा आली तेव्हा बशीरनं तिच्या कोपराकडं पाहिलं. कातडी सोलून निघाली होती.

"पांदणीनं काहून नाही येत तुम्ही?" त्यानं विचारलं.

"चाचा, पांदण हाय कुठं? रानडुक्कर बी घुसत नाही तिथं."

शेतांमधून जाणारी जुनी बैलगाडीची वाट होती ती. बैलगाड्या गेल्या आणि वाट झुडपांनी गिळली. पुढच्या रविवारी बशीर कोयता घेऊन गेला. दुपारपर्यंत पन्नास पावलंही मोकळी झाली नाहीत. सरपण घेऊन परतणारी तुळसाबाई, वैष्णवीची आई, शेताच्या धुऱ्यावर, बांधावर थांबली.

"बशीरभाई, एकट्यानं तं तुमची हयात जाईन यात," ती म्हणाली.

त्यापुढच्या रविवारी ती आठ बाया घेऊन आली. नवरा वारल्यापासून तुळसाबाई मजुरीवर घर चालवत होती. तिचा आठवड्यातला एकच दिवस रिकामा असायचा, तो तिनं पांदणीला दिला. बाभळी तोडल्या, खड्ड्यांत मुरूम भरला. नाल्यावर कुणाच्या तरी शेतातले दोन जुने सिमेंटचे पाईप आणून टाकले, त्यावर दगड रचले. दोन महिन्यांनी अकरा मुली त्या वाटेनं शाळेत गेल्या. दर पावसाळ्यानंतर मुरूम वाहून जायचा आणि बाया तो पुन्हा भरायच्या. तिसऱ्या वर्षी मुली तेवीस झाल्या.

पण बाया थकल्या होत्या. ग्रामपंचायत सदस्य संघदीप, शिकलेला, मनाचा साफ पोरगा, त्यानं अर्ज लिहिला. मागणी लहानच होती. दरवर्षी चार ट्रॉली मुरूम आणि पावसाळ्यानंतर दोन मजूर.

तालुक्याच्या साहेबांनी अर्ज वाचून परत दिला. "देखभालीची तरतूद नाही. नवीन काम मागा, लगेच मंजुरीत बसवतो."

"पण साहेब, वाट तर चांगली आहे. फक्त राखायची आहे."

"राखायला पैसा येत नाही हो. बांधायला येतो."

संघदीपनं बशीरला विचारलं. बशीर म्हणाला, "पक्की होत असन तं होऊ दे. बायांची कंबर तरी वाचन."

काम मंजूर झालं. पादचारी व सायकल मार्ग. यंत्र आलं, त्यानं बायांनी भरलेला मुरूम उपसून फेकला, नाल्यातले मोठे पाईप काढून एक बारका घातला. "पाणी कुठून जाईन?" तुळसाबाईनं ठेकेदाराच्या माणसाला विचारलं. त्यानं मोबाईलवरून मान वर केली नाही. लाल-पिवळे सिमेंटचे ठोकळे बसले, कमान उभी राहिली, फीत कापली गेली. बायांना समोर उभं करून फोटो काढला.

जुलैत नाला फुगला. पाणी बारक्या पाईपात मावेना, तेव्हा त्यानं मार्गच फोडला. वीस हात लांबीचं भगदाड पडलं आणि पुढचे ठोकळे चिखलात उलथले. संघदीपनं तीन अर्ज दिले. दुरुस्ती तीन वर्षं ठेकेदाराची, असं उत्तर आलं. ठेकेदाराचा फोन बंद होता.

ऑगस्टभर मुली पुन्हा ट्रकांच्या रस्त्यानं गेल्या. शेवटी एका रविवारी बशीर, तुळसाबाई आणि सहा बायांनी फेकलेले जुने पाईप शोधून काढले, गडगडत आणून बसवले आणि वर दगड-मुरूम भरला. संध्याकाळी वैष्णवीनं त्यावरून सायकल नेऊन दाखवली. बाया खूप दिवसांनी हसल्या.

चौथ्या दिवशी नोटीस आली. शासकीय कामात परवानगीशिवाय फेरफार. ठेकेदारानं लिहून दिलं होतं की गावकऱ्यांनीच मार्ग खोदला, त्यामुळे त्याची जबाबदारी संपली.

कार्यालयात साहेबांनी कागद पुढं सरकवला. आम्ही मार्गाचं नुकसान केलं, यापुढे हात लावणार नाही. संघदीपनं तो सगळ्यांना वाचून दाखवला.

"मी अंगठा नाही देत," तुळसाबाई म्हणाली. "नुकसान आमी नाही केलं. लावा काय केस लावता तं."

साहेब तिच्याशी बोललेच नाहीत. बशीरकडे वळून त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचं दुकान कुणाच्या जागेवर आहे हो?"

दुकान सरकारी जागेवर होतं. त्याच्या बापानं टाकलेलं, चाळीस वर्षांपासून. बशीरनं पेन मागितला. सही करताना त्याला तुळसाबाईच्या पायांतल्या, वाळल्या चिखलानं पांढुरक्या पडलेल्या चपला दिसत होत्या. तो वर बघू शकला नाही.

त्या एका सहीवर कागद पुरा झाला. साहेबांची माणसं येऊन पाईप काढून गेली. नुकसान गावकऱ्यांच्या नावावर गेलं आणि कार्यालयाच्या नोंदीत मार्ग पूर्ण झालेलाच राहिला, म्हणून त्यावर नवं कामही मागता येईना. संघदीपनं पुढची निवडणूक लढवली नाही.

नोव्हेंबरात ट्रकानं दुसऱ्या एका मुलीला घसटलं. ती वाचली, पण पाय कायमचा वाकडा झाला. त्या आठवड्यात तुळसाबाईनं वैष्णवीचं नाव शाळेतून काढलं. अंगठा न देणाऱ्या बाईनं पोरीला कापसाच्या वावरात नेलं. दिवाळीनंतर शाळेत जाणाऱ्या मुली सहाच उरल्या.

एके दुपारी वैष्णवी सायकल ढकलत दुकानात आली.

"विकून द्या चाचा. मायनं सांगितलं."

बशीरनं चाक फिरवून पाहिलं, ब्रेक दाबला. काही दुरुस्त करायचं नव्हतं.

"चाचा, एक विचारू? सही काहून केली तुमी?"

त्याच्या मनात बरंच आलं. केस, कोर्टाच्या चकरा, घरी आजारी बायको, आयशाबी.

"दुकानासाठी," तो म्हणाला.

वैष्णवीनं मान हलवली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि ट्रक जाऊ देत, कडेकडेनं, ती पायीच सोनपोडकडे निघाली.