परत निजला का?

शिलाईच्या कारखान्यात कपातीची कुजबुज सुरू झाली आणि कॉलर बसवणाऱ्याचं कशात लक्ष लागेना. साहेबांनी त्याला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "तुमच्या ओळीत हळू कोण? सोमवारी एक नाव द्या. नाहीतर कुणाला काढायचं ते मी ठरवीन."

नाव ओठावरच होतं. शेजारच्या मशीनवरची काजंवाली! आजारपणापासून तिचा हात मंदावला होता.

शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये संगीत प्रवचनाची तालीम होती. प्रवचन त्याची सख्खी आत्या गायची आणि तो मागून ध्रुपद धरायचा. आत्यानं रिकाम्या कबरेचा प्रसंग रंगवला आणि यानं 'उठला आहे'च्या जागी सूर ओढला, "प्रभू उठला होता…"

पेटी थांबली.

"होता?" आत्या म्हणाली. "मग आता काय, परत निजला का रे?"

सगळे खो-खो हसले. तो चिडला. "एका शब्दानं काय बिघडतं, आत्या?"

"आरशात बघ, काय बिघडलंय ते कळेल. बोल, काय झालंय?"

त्यानं सगळं सांगून टाकलं. "घरी लेकरं आहेत गं माझी! प्रार्थना केली तर नोकरी टिकेल?"

"ते मला ठाऊक नाही. टिकेल म्हणाले तर खोटं ठरेल. पण बाळा, जो 'होता' त्याची आपण नुसती आठवण काढतो. जो 'आहे' त्याच्यावर भार टाकता येतो! मरणातून उठलेला प्रभू सोमवारी साहेबांच्या खोलीतही असेल ना? त्याच्यादेखत घेशील तिचं नाव?"

रविवारी उपासनेहून आल्यावर तो दिवसभर घरात येरझाऱ्या घालत राहिला.

सोमवारी तो साहेबांच्या खोलीत गेला. "साहेब, नाव नाही देणार. तिची काजं मागे पडली तर ओळीतले आम्ही हातभार लावू."

"तुमचंच नाव लागलं तर?"

"लागू द्या!"

साहेब "बघू," एवढंच म्हणाले.

तो परत जागेवर आला. "काय म्हणाले?" काजंवालीनं घाबरत विचारलं.

"बघू म्हणाले. द्या इकडं तो गठ्ठा."

धाकधूक गेली नव्हती. पण कितीतरी दिवसांनी त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं होतं.

बंधुभगिनींनो, संकट टळेलच, असं जिवंत आशा सांगत नाही. पण जिवंत ख्रिस्ताचा हात ज्यानं धरला, त्याला स्वतः उभं राहायला शेजाऱ्याला ढकलावं लागत नाही!