चढ चढली तर

आत्याने भरात येऊन शब्द दिला होता आणि आता तो गळ्याशी आला होता. संध्याकाळपर्यंत तिची जुनी मोटारसायकल टेकडीचा चढ चढून परत आली तर ठीक, नाहीतर हॉटेलवाला ती विकत नेणार. मग तो तिच्यातलं पेट्रोल काढून टाकणार आणि दारात काचेच्या पेटीत तिला उभी करणार. शेजारी झाडाची कुंडीही ठेवू, असं त्याने कौतुकाने सांगितलं होतं.

गाडी आत्याहून वयाने मोठी. एका किकमध्ये सुरू व्हायची, पण चढाच्या पायथ्याशी पोचली की आचके देऊन बंद. गॅरेजवाल्याने कार्ब्युरेटर इतक्यांदा घासला होता, की आता त्यात तोंड दिसलं असतं.

सकाळी भाची स्वतःच बाह्या सरसावून बसली. टाकी रिकामी करून तिने पेट्रोल कापडातून गाळलं, पेट्रोलच्या कॉकची जाळी धुतली, तडकलेली नळी बदलली. कार्ब्युरेटरमधला जेट उजेडाकडे धरून त्याच्या सुईएवढ्या भोकातून आभाळ दिसतंय ना, ते पाहिलं. तिचे बाबा चहाचा कप घेऊन समोर उभे होते. डोंगर पोखरतेच आहेस तर निदान उंदीर तरी निघू दे, असं त्यांचं चाललं होतं.

दुपारी ती गाडी घेऊन निघाली. पायथ्याशी आचके, आणि पुन्हा बंद.

बाबा आणि आत्या मागून चालत आले. या वेळी बाबांनी टोमणा मारायचा सोडून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, ते तिला जास्त लागलं. आत्याने सीटवरून हात फिरवला.

"राहू दे गं. काचेत निदान धूळ तरी बसणार नाही तिच्यावर."

भाचीने पेट्रोल किती उरलंय ते पाहायला टाकीचं झाकण फिरवलं. टाकीने सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत ओढली. तिने सहज किक मारली, तर गाडी लगेच सुरू. झाकण लावून मागेपुढे चार फेऱ्या मारल्या, तर पुन्हा बंद. झाकण उघडलं, पुन्हा सुरू.

आता तिच्या डोक्यात उजेड पडला. खालून पेट्रोल जायचं तर वरून तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर घरापासून पायथ्यापर्यंत येईतो ते अडणारच. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. गॅरेजमध्ये पेट्रोल घालायला दरवेळी झाकण उघडत, म्हणून तिथे गाडी शहाण्यासारखी वागायची. फुकटचं श्रेय कार्ब्युरेटरला.

पण या झाकणाला भोक दिसेना. ते आरशासारखं चमकत होतं. आत्या दर रविवारी त्याला मेणाचं पॉलिश लावून घासायची, वर्षानुवर्षं. भाचीने टाचणी घेऊन मधोमध टोकरलं. दगडासारखा कडक, पांढरा मेणाचा खडा निघाला. मग फुंकर आरपार गेली.

आत्या त्या खड्याकडे बघत राहिली. "म्हणजे मीच तिचा गळा दाबला होता?"

"लाड केलेस. जरा जास्तच."

संध्याकाळी हॉटेलवाला टेम्पो आणि दोर घेऊन घरी हजर झाला, तेव्हा आत्या हेल्मेटचा पट्टा आवळत होती. तिने त्याला नमस्कार केला आणि निघाली. फाटकाशी उभं राहून सगळे कान देऊन ऐकू लागले. पायथा आला. बाबांनी भाचीचं मनगट घट्ट धरलं. आवाज तुटला नाही. उलट खालचा गिअर पडला आणि तो भरदार होत वर चढत गेला, वळणाआड गेला, माथ्यावरून पुन्हा ऐकू आला. बाबांनी मनगट सोडलं आणि डोळे पुसून धुळीला दोष दिला.

आत्या उतारावरून परत आली, पण थांबली नाही. हात हलवून त्यांच्यासमोरून गेली आणि पुन्हा चढाला लागली.

हॉटेलवाल्याने दोर टेम्पोत टाकला. काचेत आवाज आला नसता, असं तो स्वतःशीच म्हणाला. मग जरा घुटमळून त्याने विचारलं, "मला मिळेल का हो एक फेरी?"

"मिळेल की," बाबा म्हणाले. "पण माझ्यानंतर."