मास्तरांची साखर

मास्तर शिंप्याच्या दुकानात कापड बेतायचे. बेतणं म्हणजे सगळा हाताचा खेळ, आणि सकाळी दोन घोट पोटात गेल्याशिवाय मास्तरांचा हात काही ठरत नसे. दोनाचे चार झाले की बायको दुकानात फोन करी, "आज यांची साखर वाढलीय." मास्तरांना साखर नव्हतीच. पण नऊ वर्षं तिने ती इतक्या निष्ठेने सांभाळली की दुकानात त्यांच्यापुढे चहासुद्धा बिनसाखरेचा येई.

परवा एका नवरदेवाच्या कोटाची बाही वीतभर आखूड कापली गेली. मास्तर घरी येऊन भिंतीला टेकले आणि आपणहून म्हणाले, "मला कुठेतरी दाखव." या एका वाक्यासाठी तिने नऊ वर्षं कळ काढली होती.

म्हणून आज दोघं व्यसनमुक्ती केंद्रात डॉक्टरीणबाईंपुढे बसली होती.

"हात पुढे करा." हात थरथरत पुढे आले. "सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागते?"

मास्तरांनी तोंड उघडलं, आणि बायको बोलून गेली, "छे हो, कधीमधी. हात साखरेमुळे हलतात."

जित्याची खोड. बोलली आणि तिचं तिलाच कळलं.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम सैलावला. "तेच ते, साखर," असं म्हणून ते उठले. "मी जरा बाहेर बसतो."

दार लागल्यावर ती रडली नाही, पण लाजेने अर्धी झाली. "खोटं बोलले मी," ती म्हणाली. "सकाळपासून पितात. रोज."

"एक खाट रिकामी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांना आत घेऊन या."

बाहेर बाकावर कोणी नव्हतं. जिन्यात नाही, फाटकापाशी नाही. तेवढ्यात फोन वाजला. दुकानाचे मालक होते.

"वहिनी, मास्तर आज येतायत का?"

उत्तर जिभेवर आलंच होतं. तिने ते मागे ढकललं.

"शेठ, मास्तर दारू पितात. कसलीही साखरबिखर नाही. दवाखान्यात आणलं होतं, निसटलेत. तिकडे आले तर धरून ठेवा, मी येतेच."



"ठेवतो," मालक म्हणाले. "आणि आम्हाला ठाऊक होतं, वहिनी. पहिल्या वर्षापासून. तुमचा शब्द खाली पडू नये, म्हणून चहा बिनसाखरेचा देत होतो."